मला तेव्हाच ठाऊक होतं

गेल्या महिन्यात मंडईत पावट्याच्या शेंगा निवडायला वाकले होते, तेवढ्यात पाठीवर थाप पडली. वळून पाहते तो आमच्या इतिहासाच्या बाई. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, कानात यंत्र, हातात कापडी पिशवी आणि वर्गात शिरताना असायची तीच ताठ मान. "ऐकलं हो मी," त्या म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसे ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, त्यामुळे शेंगावाली, तिच्या शेजारची कोथिंबीरवाली आणि वजनावरून हुज्जत घालणारे एक गृहस्थ अशा सर्वांनीच ते ऐकले. "शेवटी जुळलंच म्हणायचं तुमचं. मला तेव्हाच ठाऊक होतं!" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, शेंगावालीला "हिला चांगल्या भरलेल्या दे गं" असे बजावले आणि त्या पुढे निघून गेल्या.

खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. 'या वयात कशाला' असा भाव चेहऱ्यावर न आणता माझे अभिनंदन करणारी गावातली ती पहिलीच व्यक्ती. पन्नाशी उलटलेली एक विधवा आणि तिच्याच वर्गातला एक विधुर लग्न करीत आहेत, ही गावाच्या पचनी सहज न पडणारी गोष्ट बाईंनी एका वाक्यात गोड करून टाकली होती. तरीही घरी येऊन शेंगा सोलताना मी चिडलेली होते आणि चिडण्याचे कारण काही केल्या सापडत नव्हते. आईने दोनदा विचारले, काय झाले म्हणून. काही झाले नव्हते. एवढेच मनात येत होते की बाईंना तेव्हा नेमके काय ठाऊक होते? मला स्वतःला तर काहीच ठाऊक नव्हते.

त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. वाईकरांना ते सांगायची गरज नाही आणि वाईबाहेरच्यांना सांगून उपयोग नाही. 1989 साली आम्ही दहावी झालो. वर्गात मुलींच्या रांगा खिडकीकडे आणि मुलांच्या दाराकडे. मुलाची वही हवीच असेल तर ती त्याच्या बहिणीकडून, चुलतबहिणीकडून, नाहीतर बाईंच्या टेबलावरून फिरून यायची. त्याचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. विश्वकोशाचे काम वाईत चालत असल्यामुळे फर्मा, प्रूफ, जोडणी हे शब्द आमच्या गावाला किराणा-भुसाराच्या शब्दांइतकेच सरावाचे होते, आणि वडिलांचा डबा पोहोचवायला जाणारा हा मुलगा तिथेच खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेसमध्ये वाढलेला होता. त्याच्या शर्टाला शाईचा आणि हात धुवायच्या रॉकेलचा मिळून एक वास यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो वास आवडायचा, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

आवडण्याचे खरे कारण निराळेच होते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते वाचायची सवय झालेल्या माणसाला सरळ, उलटे, वरून, खालून, कसेही वाचता येते. टिळक ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी सुट्टीत आम्ही मुले वाचायला बसत असू. एकदा तो समोर बसला होता, त्याच्या पुढ्यात कसलेसे मासिक उघडे होते आणि त्याचे डोळे मात्र माझ्या पुस्तकावरून उजवीकडून डावीकडे सरकत होते. तो माझे पुस्तक टेबलापलीकडून उलटे वाचत होता, माझ्यापेक्षा लवकर पान संपवत होता आणि मी पान कधी उलटते याची वाट पाहत होता. मला हे कळल्याचे त्याला कळू न देता मी तशीच वाचत राहिले. पुढे मी पान उलटायला मुद्दाम उशीर करू लागले. शेवटच्या ओळीवर येऊन थांबायचे, मनातल्या मनात थोडे आकडे मोजायचे आणि मग सावकाश पान उलटायचे. त्या उन्हाळ्यात मी काय वाचले ते आठवत नाही. पानाच्या तळाशी थांबणे मात्र अजून बोटांत आहे.

हे माझे शाळेतले प्रेमप्रकरण. याहून अधिक काही नाही.

नाही म्हणायला एक रागाचा प्रसंग होता. निरोप समारंभाची कार्यक्रमपत्रिका त्याच्या वडिलांच्या छापखान्यातून आली आणि तीत गीत गाणारी म्हणून माझे नाव छापले होते, पण आडनाव दुसऱ्याच मुलीचे. मी ठरवूनच टाकले की हे त्याने मुद्दाम केले आहे. का केले असेल याचीही कारणे मी शोधली आणि ती सर्व कारणे मला अनुकूल अशीच होती. त्या चुकीच्या आडनावाने मला पुढची काही वर्षे पुरेसा मजकूर पुरवला. अलीकडे, लग्नाचे ठरल्यानंतर, मी त्याला ते विचारले. तो बराच वेळ आठवत बसला आणि शेवटी प्रामाणिकपणे म्हणाला, "कोणती पत्रिका?" त्याला पत्रिका आठवत नव्हती, गाणे आठवत नव्हते आणि, आता लिहूनच टाकते, दहावीतली मीसुद्धा फारशी आठवत नव्हती. ग्रंथालयात कोणीतरी एक मुलगी फार हळू वाचायची, एवढेच त्याच्या लक्षात होते. त्याला तेव्हा आवडायची ती माझ्या पुढच्या बाकावर बसणारी. ती आता नाशिकला असते, आजी झाली आहे आणि आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासकट सुप्रभात पाठवते. मी तिच्या गुलाबांना नेमाने अंगठा देते.

हे ऐकून मी हसले, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर थोडी खट्टूही झाले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या मत्सराला असे अचानक तोंड फुटावे याची गंमत वाटली. पण त्या खट्टूपणाच्या खाली एक मोकळेपणाही होता, आणि मंडईतल्या त्या वाक्याने तोच मोकळेपणा माझ्याकडून काढून घेतला होता, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले. बाईंच्या वाक्याप्रमाणे पाहिले तर आमचे 1989 सालीच ठरलेले होते; मध्ये काही अडचणी आल्या आणि आता त्या दूर झाल्या. त्या अडचणी म्हणजे कोण? माझा नवरा आणि त्याची बायको.

माझा नवरा अडचण नव्हता. लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा ग्रंथालयातला मुलगा माझ्या मनात कुठेही दडून वगैरे बसलेला नव्हता. कथाकादंबऱ्यांना तो सोस असतो, माणसांना बहुधा नसतो. नवरा बँकेत होता. मी घरी बसून प्रकाशकांची मुद्रिते तपासत असे आणि तो कामावरून आला की माझ्या खुर्चीमागे उभा राहून शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचून दाखवत असे, जणू मी त्या केलेल्या होत्या. पंखा तीनवर ठेवायचा की चारवर यावर आम्ही संबंध संसारभर भांडलो. त्याला गार वाऱ्याने सर्दी व्हायची आणि मला वाऱ्याशिवाय झोप यायची नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. अंत्यदर्शनसुद्धा धड झाले नाही. नंतर कितीतरी रात्री पंखा चारवर लावून मी जागी राहायची. कोणी उठून तो तीनवर करणार नाही, हे सहन व्हायचे नाही. अशा माणसाला दोन प्रकरणांच्या मधली रिकामी जागा ठरवणारी कुठलीही गोष्ट, ती कितीही गोड असो, मला मान्य होण्यासारखी नाही.

त्याच्या बायकोला मी भेटले नव्हते, पण मी तिला ओळखते. त्याच्या प्रेसमध्ये कागदाच्या कपाटांना चिठ्ठ्या लावलेल्या आहेत: 'मॅपलिथो 70', 'आर्ट पेपर 130', 'उरलेले तुकडे – टाकू नयेत'. सगळे तिचे हस्ताक्षर. ठसठशीत, किंचित उजवीकडे कललेले, आणि 'टाकू नयेत'खाली दोन रेघा. हिशेब ती पाहायची, कागदाची खरेदी ती करायची, आणि शेवटच्या वर्षांत आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला जायचे असे त्या दिवशीसुद्धा पहाटे निघण्यापूर्वी कामाच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायची. एक चिठ्ठी दमट हवेने सुटून लोंबत होती. त्याने ती काढून टाकण्यासाठी हात वर केला तेव्हा मी त्याला थांबवले, घरून डिंकाची बाटली आणली आणि ती परत चिकटवली. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. आमच्यात काहीतरी ठरले असेल तर ते बहुधा त्या दिवशी ठरले. निदान मी तरी माझी तारीख तिथून धरते.

प्रेसमध्ये मी गेले ते उत्सवाच्या कामाने. आईला एकटीला ठेवणे शक्य नव्हते म्हणून मी वाईला परत आले होते, आणि गावात एकदा का तुम्ही 'पुण्याला पुस्तकं तपासायच्या' असे कळले की शाळेच्या अहवालापासून दशक्रियेच्या पत्रापर्यंत सर्व कागद तुमच्या दारी येतात. आमच्या घाटावरच्या कृष्णाबाईच्या उत्सवाची कार्यक्रमपत्रिका अशीच आली. वाईला सात घाटांचे सात उत्सव होतात आणि प्रत्येक घाटाला आपली पत्रिका शेजारच्या घाटापेक्षा सरस हवी असते. प्रूफ घेऊन मी प्रेसमध्ये गेले. बाहेर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स वाळत घातलेले, आत ऑफसेटची धडधड, आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुने ट्रेडल मशीन. भंगारवाला किलोचा जो भाव देतो तो ऐकून विकावेसे वाटत नाही, असे त्याने नंतर सांगितले. खिळे मात्र वडिलांच्या हयातीतच वितळवायला गेले होते. मी काउंटरवर प्रूफ ठेवले आणि तपासू लागले. त्याचे पहिले वाक्य होते, "लाल पेन नको, निळ्यानं करा. लाल पाहिलं की आमची पोरं हबकतात." मी लालनेच केले.

पुढे या ना त्या कारणाने जाणे होत राहिले. तो लग्नपत्रिका छापतो. सीझनला दिवसाला किती निघतात ते त्यालाच माहीत. जवळपास प्रत्येक पत्रिकेत 'आशीर्वाद' चुकीचा असतो. मी चिडून म्हटले, एवढा एक शब्द तरी नीट छापा. तो शांतपणे म्हणाला, "नीट छापला की गिऱ्हाईक चुकलं म्हणून गठ्ठा परत आणतं. मागच्या वर्षी दोनशे पत्रिका परत घेतल्या मी, बरोबर छापल्याबद्दल." या माणसाबरोबर भांडण्यात एक मजा होती. तो आवाज चढवीत नसे आणि मुद्दाही सोडत नसे. प्रूफ तपासताना मान खाली असली तरी मला जाणवायचे, तो काउंटरच्या पलीकडून माझ्या दुरुस्त्या उलट्या वाचतो आहे. चहा आला की माझा पेन थांबेपर्यंत तो कप सरकवायचा नाही, आणि साय धरायच्या आत मात्र नेमका सरकवायचा. एका संध्याकाळी त्याच्या मनगटावर निळ्या शाईचा डाग होता, तो मोठा होऊन सुकला होता, आणि मला ते मनगट धरावेसे वाटले.

मला हे मुद्दाम लिहायचे आहे की तसे वाटले ते या वयात. पंधराव्या वर्षी असे काही वाटलेच नव्हते. तेव्हा मनगट वगैरे काही सुचण्याइतकी अक्कल नव्हती; पान उलटायला उशीर करणे हीच धाडसाची परमावधी. त्या मुलीला जो आवडला होता तो उलटे वाचणारा एक मुलगा होता. मला जो आवडला तो बायकोची आजारपणे काढलेला, कर्जाचे हप्ते फेडलेला, मुलाशी फोनवर बोलताना उगाच मोठ्याने हसणारा आणि संधिवाताने सकाळी बोटे उघडायला वेळ लागणारा पोक्त गृहस्थ आहे. दोघे एकाच गावचे, एकाच वर्गातले, हा योगायोग सोयीचा खरा. त्यामुळे ओळख करून घ्यायची पहिली अवघडलेली पायरी वाचली. पण ओळखपत्र दाखवून आत शिरले म्हणजे घर आपले झाले असे होत नाही.

एकमेकांशी बोलायला वाईत जागा नाही, ही एक वेगळीच तक्रार आहे. घाटावर बसावे तर ओळखीचे चारजण नमस्कार घालून जातात. जुना ब्रिटिश अमदानीतला पूल होता तेव्हा कठड्याला टेकून निदान पाण्याकडे पाहत असल्याचे सोंग आणता यायचे. तोही पाडून नवा झाला. म्हणून एकदा आम्ही मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट दुपारी शांत असतो असा आमचा समज. जाऊन पाहतो तो घाटभर दिवे, रुळांवर कॅमेरा, खोट्या गुलमोहराच्या फांद्या आणि पायरीवर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहणारे विशीतले दोन नट. आम्ही वरच्या पायरीवर टेकतो न टेकतो तोच एक पोरगा धावत आला आणि अदबीने म्हणाला, "काका, काकू, जरा बाजूला व्हाल? तुम्ही फ्रेममध्ये येताय." आम्ही बाजूला झालो. पेशव्यांच्या काळी वसईहून आणलेल्या त्या मोठ्या घंटेपाशी उभे राहून आम्ही इतके हसलो की तोच पोरगा परत आला आणि आवाज रेकॉर्ड होतो आहे म्हणाला.

तर गाव. वाईला मी मागासलेले म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर भांडेन. याच गावच्या प्राज्ञपाठशाळेतून आलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी 1933 साली पुण्यात महात्मा गांधींचे पुत्र देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह लावला, आणि तो आंतरजातीय होता. त्या दोघांना वडीलधाऱ्यांनी अट घातली होती, पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहा आणि तरीही मन पालटले नाही तर पाहू. ते राहिले. थांबलेल्या प्रेमाला त्या पिढीने असा मान दिला आणि गावाच्या मनात प्रेम म्हणून जी प्रतिमा आहे तीही तशीच आहे: लहानपणी जडलेले, सोसलेले, वाट पाहिलेले. तपश्चर्या झाली असेल तर फळाला हरकत नाही. आमच्याजवळ दाखवायला तपश्चर्या नाही. म्हणून गाव ती आपल्या पदरची घालते. जुने प्रेम म्हटले की विधवेच्या लग्नाला एक सोज्ज्वळपणा येतो. बिचारी इतकी वर्षे मनात ठेवून होती, असे म्हणता येते. पन्नाशीनंतर तिला एक नवाच पुरुष आवडला, हे म्हणायला जीभ रेटत नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला, सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता घालून दिला, आणि त्या वेळी आमच्या आळीतही सर्वांना तो पटला होता. पुढल्याच उत्सवात हळदीकुंकवाची तबके फिरू लागली तेव्हा मी आपणहून दोन पावले मागे सरकले. कोणी सरक म्हटले नव्हते. कोणी पुढे ये असेही म्हटले नाही.

लग्न नोंदणी पद्धतीने करायचे ठरले. आमची पत्रिका आपण छापायची का, असे तो एकदा म्हणाला आणि आम्ही गंमत म्हणून मजकूर जुळवून पाहिला, पण निमंत्रक कोण, कोणाचे ज्येष्ठ चिरंजीव, कोणाची कन्या, मामाच्या लग्नाला या म्हणणारी भाचरे कुठली, यातले काहीच जागेवर बसेना. मग साताऱ्याला विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, ती फलकावर लागते आणि 30 दिवसांत कोणाचा आक्षेप आला नाही तर लग्न होते. अर्जात नावापुढे स्थितीचा रकाना असतो. त्याने 'विधुर' लिहिले, मी 'विधवा' लिहिले. वर 21 वर्षांचा आणि वधू 18 वर्षांची पूर्ण असल्याचा पुरावा जोडायचा होता, तेव्हा आम्ही दोघांनी शाळा सोडल्याचे दाखले पुढे केले. कारकून बाईंनी ते शेजारी शेजारी ठेवले. एकच शाळा, एकच वर्ष, मुख्याध्यापकांची एकच लफ्फेदार सही. त्यांनी वर पाहिले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचे सगळे कळून चुकले. "अय्या, म्हणजे शाळेपासून?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "एका वर्गात होतो." त्या खुशीत येऊन कागद लावू लागल्या: अर्ज, फोटो, आधार, दोन दाखले. आणि मग, कायद्याला लागतात म्हणून, दोन मृत्यू दाखले. एकावर माझ्या नवऱ्याचे नाव, एकावर त्याच्या बायकोचे. गठ्ठा जाड झाला होता, स्टेपलर पहिल्यांदा अडला. त्यांनी टेबलाच्या कडेवर टेकवून दोन्ही हातांनी जोर दिला तेव्हा पिन आरपार गेली. शाळेचे दाखले आणि त्या दोघांची नावे एकाच पिनेत आली. कारकून बाईंना जी गोष्ट दिसत होती तिच्यापेक्षा त्यांच्या हातातला गठ्ठा अधिक खरा होता.

नोटीस साताऱ्याच्या फलकावर लागली आणि आम्ही एस.टी.तून वाईला उतरायच्या आत तिचा फोटो ग्रुपवर आला होता. कोणी काढला ते अजून कळलेले नाही. 'अखेर!!!', 'सच्चा प्यार', बदाम, बदाम, बदाम. आमच्यातल्या एका कवीने चारोळी केली, तीत कृष्णेचे पाणी आणि पहिला पाऊस होता. नाशिकच्या मैत्रिणीने लिहिले की तिला तर दहावीतच संशय आला होता. यावर तो प्रेसमध्ये हसून लोटपोट झाला. मला हसू आले नाही, पण मी खोडूनही काढले नाही. कारण बंगळूरला असलेल्या माझ्या मुलीला मी फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, आणि मग तिने विचारले, "पण तू त्यांना शाळेपासून ओळखतेस ना?" मी हो म्हटले. तिने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. बाबांच्या जागी कोणी परका येत नाही, आईच्या लहानपणातला कोणी येतो आहे, याचा तिला आधार वाटला असावा. तेवढा आधार मी तिला घेऊ दिला. पुढे केव्हातरी, ती इथे राहायला येईल तेव्हा, सावकाश सांगेन की बाबांच्या जागी कोणीच येत नाही, आणि येतो आहे तो परकाच आहे, आणि ते चांगले आहे.

बाईंच्या घरी मी गेले ते पेढे द्यायला. मनात मात्र त्या वाक्याचा हिशेब होता. बाई एकट्याच राहतात. आमच्या शाळेत लागल्या तेव्हाच त्या विधवा होत्या, तिशीही गाठलेली नव्हती, आणि गावाने जन्मभर त्यांचे उदाहरण दिले: कसे निष्कलंक आयुष्य काढले, शाळेला कसे वाहून घेतले. मी त्यांना म्हणणार होते की बाई, तेव्हा काहीच नव्हते, ठाऊक होण्यासारखे. त्यांनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला, यंत्र कानात नीट बसवले आणि विचारले, "नोटीस अजून तीसच दिवस असते का? आणि साताऱ्यालाच जावं लागतं?" मी हो म्हटले. "तीन साक्षीदार?" तीन. त्या मान हलवत राहिल्या. हे कायद्याचे बारकावे इतिहासाच्या शिक्षिकेला कुठून ठाऊक, असे माझ्या मनात आले, आणि मी जे बोलायला आले होते ते बोलले नाही. त्यांनी मला 'तेव्हाच ठाऊक होतं' म्हटले तेव्हा त्या माझ्या दहावीकडे पाहत होत्या, की दुसऱ्याच कुठल्या वर्षाकडे, कोण जाणे. निघताना त्यांनी हळदीकुंकवाची कोयरी पुढे केली. मी सवयीने मागे सरकले. "उभी राहा नीट," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, आणि मी नीट उभी राहिले.

साक्षीदारांची नावे परवा ठरली. प्रेसमधले सर्वांत जुने कामगार एक. ते ट्रेडलवर असल्यापासून त्याला पाहत आले आहेत आणि नवा सदरा शिवायला टाकूनही आले आहेत. दुसरा त्याचा मेहुणा, म्हणजे त्याच्या गेलेल्या बायकोचा भाऊ. त्याला विचारायचे धाडस आम्हाला होत नव्हते, तो स्वतःच प्रेसमध्ये आला, बहिणीच्या चिठ्ठ्या अजून कपाटांवर आहेत हे त्याने फिरून पाहिले आणि म्हणाला, "सहीला मी येईन, दाजी. दुसऱ्या कोणाला बोलावू नका." तिसरी माझी नणंद. ती पुण्याहून येणार आहे. भावाच्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायची, हे तिच्या सासरच्यांना कसे वाटेल, असे मी फोनवर चाचरत विचारले, तर ती म्हणाली, "ते मी बघते, वहिनी. तू मला एवढंच सांग, ऑफिसात पंखा आहे ना? आणि दादासारखी तीनवर ठेवू नकोस, मला घाम येतो. येताना कंदी पेढे मात्र राजवाड्यापाशीच घ्यायचे, स्टँडवरचे नकोत."